हुंदक्याची पेटी

खांबेटेबाई परीक्षक म्हणून येणार असं कळलं की निम्म्या नाट्यसंस्थांच्या पोटात गोळा येई आणि उरलेल्या निम्म्यांना अचानक तारखा जमेनाशा होत. त्यात बाईंना भारी समाधान वाटे. सांगलीच्या कृष्णातीर करंडक स्पर्धेत एक जुनी पद्धत होती. आधी परीक्षकांनी मनोगत सांगायचं, मग निकाल. लोक निकालाला येत नसत, मनोगताला येत. दुसऱ्याची सालटी निघताना बघायला कुणाला आवडत नाही?

वसुधा खांबेटे कॉलेजात मानसशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या. माणसांच्या मनाविषयी त्यांना सगळं ठाऊक होतं आणि म्हणूनच की काय, माणसांविषयी त्यांचं मत फार वाईट होतं. नट म्हणजे आरशाचे गुलाम, दिग्दर्शक म्हणजे नट होता न आलेले, आणि प्रेक्षक? प्रेक्षक म्हणजे तिकीट काढून खोकायला आलेली माणसं. हे त्या उघड बोलत आणि वर टाळ्या घेत.

सहा वर्षांपूर्वी याच व्यासपीठावरून त्या स्वतःच्या मुलीविषयी बोलल्या होत्या. "शाल्मली खांबेटे यांनी रंगमंचावर रडण्याऐवजी घरी रडावं. तिथे निदान प्रकाशयोजनेचा खर्च नाही." नाट्यगृह हसून लोळलं. पोटच्या पोरीलाही सोडत नाही ही बाई, म्हणून गावात आठवडाभर कौतुक झालं. शाल्मली त्या रात्रीच ठाण्याला निघून गेली. मध्ये वडील गेले तेव्हा तेवढी आली, दिवस झाले की परत गेली. दिवाळीला फोन यायचा. "बरी आहेस ना?" "बरी आहे." संपलं.

आणि यंदा स्पर्धेच्या यादीत ठाण्याच्या संस्थेचं नाव होतं, लेखक-दिग्दर्शक शाल्मली खांबेटे. बाईंनी काही बोलून दाखवलं नाही. पण माळ्यावरची गादी काढून उन्हात टाकली, मुलीच्या खोलीत धुतलेली चादर घातली, आणि मोलकरणीने "कोण येणारे का?" विचारलं तर तिच्यावरच खेकसल्या.

यंदा आणखीही एक नवीन होतं. भावांक.

नाट्यगृहाच्या प्रत्येक खुर्चीच्या हातावर मऊ पट्टी बसवली होती. तुम्ही हात टेकलात की ती तुमच्या तळव्याचा घाम मोजायची, नाडी मोजायची. पुढच्या खुर्चीच्या पाठीत मसुराएवढा कॅमेरा. तो अंधारातही तुमच्या भुवया, गाल, ओठ बघायचा. सगळ्या खुर्च्यांचं मिळून प्रत्येक नाटकाला शंभरपैकी एक आकडा मिळायचा. नव्वद टक्के निकाल त्या आकड्यावर, दहा टक्के परीक्षकांच्या हाती. पुढल्या वर्षी तेही बंद.

"दहा टक्के! गुरुजींना दक्षिणा देतात तसे," बाई म्हणाल्या.

यंत्र बसवणारा ओजस निंबकर पुण्याहून आलेला, तिशीचा, अतिशय नम्र आणि अतिशय कंटाळवाणा. "मॅडम, माणसाची जीभ खोटं बोलते, घाम खोटं बोलत नाही," तो म्हणाला.

"घाम काहीच बोलत नाही, निंबकर. घाम फक्त येतो. परीक्षेला येतो, प्रेमात येतो, भजी तळताना येतो. तुमचं यंत्र भजी आणि प्रेम यांत फरक कसा करतं?"

"चेहऱ्यावरून, मॅडम. प्रत्येक भावनेचे स्नायू ठरलेले असतात. फक्त..." तो घुटमळला. "तुमच्या खुर्चीची जरा अडचण आहे. चाचणीच्या दिवशी तुम्ही बसला होतात ना, पाचव्या रांगेत मधोमध? तुमच्या चेहऱ्यावर यंत्राला पूर्ण वेळ एकच भावना सापडली. तुच्छता. ओठाचा एकच कोपरा वर. त्याने बेरीज बिघडते. म्हणून तुमची नोंद होईल, पण ती धरायची नाही असं ठरवलंय. राग नाही ना?"

"राग कसला? तुमच्या यंत्राला आजवर कळलेली ही एकमेव खरी गोष्ट आहे."

पहिल्या दिवशी एका सैनिकाच्या बायकोचं नाटक झालं. काय ते नाटक! संवाद असे की पाठ्यपुस्तकातला धडा बरा. त्या बाईने मंगळसूत्र हातात धरून "ते गेले नाहीत, ते देशात मिसळले" असं म्हटलं, आणि खांबेटेबाई जांभई द्यायच्या बेतात असतानाच शेजारी कुणीतरी हुंदका दिला. मग मागे. मग सगळीकडे नाकं ओढण्याचे आवाज. आणि बाईंना जाणवलं की आपलाही गळा दाटलाय. या भिकार वाक्यावर? शक्यच नाही! त्यांनी छातीच्या हाडावर तळवा ठेवला. हाड थरथरत होतं. परीक्षकांसमोरच्या टेबलावरच्या स्टीलच्या पेल्यातलं पाणीही बारीक थरथरत होतं, आणि आवाज म्हणाल तर कसलाही नव्हता.

पडदा पडल्यावर बाई थेट रंगमंचाखालच्या पोकळीत उतरल्या. तिथे बाजाच्या पेटीएवढं एक काळं खोकं होतं, तोंड वर करून ठेवलेलं. त्या संस्थेचा दिग्दर्शक कपिल चौगुले वायर गुंडाळत होता. लपवणं सोडाच, तो खुलून सांगू लागला.

"बाई, ही हुंदक्याची पेटी. आता सगळेच लावतात. ऐकू येईल त्याच्या खालचा सूर काढते. कानाला कळत नाही, बरगड्यांना कळतं."

"आणि मग लोक रडतात."

"आपण दुःखाचा प्रसंग दिला तर रडतात. विनोदी दिला तर वेड्यासारखे हसतात. पेटीला काय, तिला कुठं कळतंय!"

बाईंना त्याच्या मुस्काटात मारावंसं वाटलं आणि त्याच वेळी त्याला पैकीच्या पैकी गुणही द्यावेसे वाटले. कारण हेच तर त्या तीस वर्षं वर्गात शिकवत आल्या होत्या. भावना आधी अंगात होते, तिला नाव मागाहून मिळतं. काळीज धडधडतं, श्वास आखूड होतो, अंगावर काटा येतो. शरीर दाराची घंटा वाजवतं, एवढंच. मन धावत जाऊन दार उघडतं आणि समोर जो उभा असेल त्याला पाहुणा समजतं. समोर विधवा दिसली तर मन म्हणतं, मला दुःख झालं. समोर विदूषक दिसला तर म्हणतं, मजा आली. घंटा नक्की कुणी वाजवली याची चौकशी करायची मनाला सवयच नाही. मागच्या बाकावरची पोरंसुद्धा हे परीक्षेत लिहून पास होत. आता त्याच्यावर करंडक जिंकता येत होता.

त्या अध्यक्षांकडे गेल्या. दादासाहेब आरवाडे पान लावत बसले होते.

"दादासाहेब, हा शुद्ध भामटेपणा आहे."

"नियमात कुठं लिहिलंय बाई, पेटी लावू नये म्हणून? पार्श्वसंगीताला परवानगी आहेच की."

"जे ऐकू येत नाही ते संगीत?"

"लोक खूश आहेत. डोळे पुसत बाहेर पडतात, भजी खातात, घरी जातात. तुमचं म्हणणं तुम्ही मनोगतात मांडा. तुम्हाला कोण अडवतंय? तेवढीच गर्दी होईल."

बाई तिसऱ्या, म्हणजे शेवटच्या दिवसाची वाट बघत राहिल्या. नाटकामागून नाटकं झाली. बाप मेला, बैल मेला, नदी मेली, एका नाटकात तर मराठी भाषा मेली, आणि प्रत्येक मयताला पेल्यातलं पाणी थरथरलं. लोक रडून रडून इतके सरावले की दुसऱ्या संध्याकाळी पॉपकॉर्न खाता खाता रडू लागले. बाई वहीत एकही शब्द न लिहिता पेल्याकडे बघत बसत. मग व्यवस्थापकाने टेबल हलवून पेला उचलला. कुणाचा तरी पाय लागतो म्हणे.

शेवटच्या दिवशी दुपारी ठाण्याचा टेम्पो नाट्यगृहाच्या मागच्या दारी लागला. बाई अगदी सहज तिकडून चालल्यासारख्या गेल्या. टेम्पोतून आधी एक जुनी स्कूटर उतरली. मग दोन खुर्च्या. मग एक काळं खोकं.

तूसुद्धा गं? त्यांनी ते खोकं रंगमंचाखाली जाताना डोळ्यांनी पाहिलं.

शाल्मली मेकअपच्या खोलीत एकटीच होती. कानशिलांवरचे केस पांढरे झाले होते आणि तिने ते रंगवले नव्हते. आईला बघून ती उठली नाही, पण खुर्ची पुढे सरकवली.

"जेवलीस?" बाईंनी विचारलं.

"प्रयोगाआधी नाही जेवत मी."

"माहितेय. तरी डबा आणलाय. नंतर खा."

बाईंनी डब्याची पिशवी आरशासमोर ठेवली. मग शाल्मली म्हणाली, "आई, हे शेवटचं. संस्था बंद करतेय. शाळेत नोकरी मिळतेय, ती घेणार. सगळे म्हणतात, सोडू नकोस, पण मला त्यांचं खरं वाटत नाही. मला आयुष्यात एकाच माणसाचं खरं वाटतं, आणि ते माणूस फार दुष्ट आहे."

"मी खोटं कधी बोलले नाही."

"नाही ना. म्हणून तर आले. वाईट वाटलं तर वाईट म्हण. पण चांगलं वाटलं, तर तेही म्हण. पळ काढू नकोस. माझी बॅग टेम्पोतच आहे. वाटलं तर चार दिवस घरी राहीन म्हणते."

ही विचारायची वेळ होती. खाली ती पेटी कशाला, एवढं एकच वाक्य. पण बाईंना विचारण्याची सवय नव्हती, ओळखण्याची होती. "बघू," म्हणून त्या उठल्या.

नाटक साधं होतं, मुख्य काम शाल्मलीच करत होती. बाप गेलेली मुलगी त्याची स्कूटर विकायला काढते. गिऱ्हाईक येतं, टायर दाबून बघतं, "का विकताय?" विचारतं. ती म्हणते, "मला चालवता येत नाही." गिऱ्हाईक कागदपत्रं आणायला कोपऱ्यावर जातं. ती एकटी उरते. बोलत नाही. हॉलमध्ये खोकणं सुरू झालं, मागे कुणाचा तरी मोबाइल वाजला. ती स्कूटरवर बसली. पुढे नाही, मागच्या सीटवर बसली. पुढची सीट मोकळी. आणि तिचा उजवा हात आपोआप वर उठून, पुढे बसलेल्या माणसाचा खांदा जिथे असतो तिथे, हवेत टेकला. तेवढ्याने तिला कळलं की आपण कुठे बसलोय, आणि तिने हात झटकन खाली घेतला.

तो हात हवेत टेकला तेव्हाच बाईंचा चेहरा विस्कटला होता, आता घशातून असा आवाज आला की शेजारच्याने वळून पाहिलं. गेलेल्या नवऱ्याच्या, श्रीधरच्या, मागे स्कूटरवर बसून काढलेली सगळी वर्षं एकदम अंगावर आली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, नाकातून वाहत होतं, पदर सापडत नव्हता. चाळीस वर्षांत नाट्यगृहात त्या कधी रडल्या नव्हत्या. काय सुरेख केलंय, काय सुरेख केलंय माझ्या पोरीने!

आणि मग त्यांना खोकं आठवलं.

हात छातीवर गेला. छाती थरथरत होतीच. हुंदके देणाऱ्याची छाती थरथरणारच, पण हे बाईंच्या डोक्यात आलं नाही. त्यांच्या डोक्यात आलं ते असं, की घंटा वाजवली गेली आणि आपण, मानसशास्त्राच्या प्राध्यापिका, धावत जाऊन दार उघडलं. तेही कुणी वाजवली? पोटच्या मुलीने. बापाच्या मरणावर पेटी लावून! पडदा पडेपर्यंत त्यांचे डोळे कोरडे झाले होते आणि चेहरा नेहमीसारखा झाला होता.

मनोगताला पाय ठेवायला जागा नव्हती. दादासाहेबांनी माइक दिला.

"नमस्कार. तीन दिवस आपण सर्वजण खूप रडलात. मला आपली कीव येते," बाईंनी सुरुवात केली. हशा झाला. "आपण नाटकाला रडला नाहीत. रंगमंचाखाली एक खोकं ठेवलेलं असतं, ते आपल्या बरगड्या हलवतं. या सभागृहात तीन दिवस एकही कलावंत नव्हता. होते ते खोक्याचे हमाल."

हसू थांबलं. लोक एकमेकांकडे बघू लागले. चौगुले मान खाली घालून मोबाइल चाळू लागला.

"तुम्ही फसलात ते ठीक. तुम्ही भाजी घेतानाही फसता. पण आज मीही फसले. शेवटच्या नाटकाला मी रडले. हो, रडले! आणि मला माझ्या त्या रडण्याची किळस आली. ते नाटक माझ्या मुलीचं आहे. तिच्या टेम्पोतून खोकं उतरताना मी स्वतः पाहिलंय. सहा वर्षांपूर्वी मी तिला म्हटलं होतं, घरी रड. आज सांगते, तेव्हाचं तिचं वाईट नाटक बरं होतं. ते निदान तिचं होतं. बापाचं मरण विकायला काढलं, तेही स्कूटरसारखं, टायर दाबून दाखवत. माझे दहा टक्के मी कुणालाही देत नाही. नमस्कार."

टाळ्यांचा कडकडाट झाला. शाल्मली विंगेच्या कडेला उभी होती.

मग निकाल. निंबकरने पडदा उजळला. प्रत्येक नाटकासाठी त्याने नाट्यगृहाचा नकाशा केला होता, एका खुर्चीला एक ठिपका. भावना उचंबळली तर लाल, नाही तर निळा. चौगुलेच्या नाटकाचा नकाशा कुंकू सांडल्यासारखा लालभडक होता. भावांक एक्क्याण्णव. टाळ्या पडल्या, जरा ओशाळ्या पण पडल्या. खोक्यावर हसलेले लोकच खोक्याला करंडक देऊन मोकळे झाले. त्यांना दोन्ही जमलं.

नकाशे एकेक करून उतरत गेले. सगळ्यांत शेवटी ठाणे. भावांक एकोणीस. अख्खं नाट्यगृह निळं. पाचव्या रांगेत मधोमध एकच ठिपका लाल.

सभागृहात कुजबुज झाली. ती खुर्ची कुणाची, हे सांगायची कुणालाच गरज नव्हती.

"हे तांत्रिकदृष्ट्या फार इंटरेस्टिंग आहे," निंबकर आपल्याच आनंदात सांगू लागला. "खुर्च्यांच्या पट्ट्यांत जमिनीचा कंपही नोंदला जातो. बाकी सर्व प्रयोगांत कंप आहे. या प्रयोगात मात्र शून्य. म्हणजे इथे पेटी चालूच केलेली नव्हती. सलग तीन दिवस कंपाची सवय झाल्यावर प्रेक्षकांना त्याशिवाय काही जाणवलंच नाही. ही एक खुर्ची सोडून. अर्थात ती आपण धरत नाही."

मनोगतानंतर बाई पहिल्या रांगेत येऊन बसल्या होत्या. त्यांना उठताही येईना आणि बसवेनाही. मागे कुणीतरी हसलं. मग आणखी कुणीतरी. हे हसणं बाईंच्या चांगल्या ओळखीचं होतं, ते आजवर त्यांच्या बाजूने असायचं.

मागच्या अंगणात टेम्पोत स्कूटर चढत होती. संस्थेतली एक पोरगी बाईंना बघून चिडून म्हणाली, "ताईंनीच पेटी चालू करू दिली नाही. आम्ही हात जोडले. म्हणाल्या, समोर आई आहे, बंद ठेवा. लावली असती तर नंबर आला असता!"

"प्राजू, दोऱ्या बांध तू," शाल्मली म्हणाली. ती रडत नव्हती. रागावलेलीही दिसत नव्हती, आणि त्याचीच बाईंना भीती वाटली.

"शालू, मला वाटलं..."

"मला दिसत होतीस तू. स्कूटरवरून पाचवी रांग नीट दिसते. तुझा चेहरा सगळा विस्कटला होता. मी लहानपणापासून तो चेहरा बघायला थांबले होते गं. हात खाली घेतला ना मी, तो भूमिकेत नव्हता. तुला बघून घेतला."

"फार चांगलं केलंस तू," बाई घाईने म्हणाल्या. "खरंच सांगते. इतकं चांगलं मी कुणाचं पाहिलं नाही. मी चुकले. घरी चल. तुझी खोली लावलीय."

शाल्मलीने आईकडे बघितलं. त्या बघण्यात तिरस्कार असता तरी बाईंनी तो सोसला असता.

"हे तू माइकवर म्हणाली असतीस ना, तर मी ती नोकरी नाकारली असती, घर सोडलं असतं, जन्मभर नाटक केलं असतं. तुला आतून जे आलं, ते तुला स्वतःलाच पटलं नाही. यंत्राने शिक्का मारल्यावर पटलं. आता तू चांगलं म्हण, वाईट म्हण, मी ते कुणाचं म्हणून ऐकू, आई?"

तिने डब्याची पिशवी मात्र घेतली, मांडीवर ठेवली आणि ड्रायव्हरशेजारी बसली. टेम्पो फाटकातून बाहेर पडेपर्यंत बाईंना हाक मारता आली असती. काय म्हणून मारायची, याचं एकही वाक्य त्यांना सुचेना, जे त्यांच्या स्वतःच्या कानाला खरं वाटलं असतं.